बाइंडिंगच्या टेबलावरची भाषा

आईला दोन भाषा येतात, ही गोष्ट त्यांच्या घरात सूर्य पूर्वेला उगवतो इतकी पक्की होती. एक आपली आणि दुसरी मावशीची. पाहुण्यांसमोर हा विषय निघाला की आई हातातलं काम बाजूला ठेवायची आणि नाकावरचा चष्मा वर सरकवून म्हणायची, "आमच्या मास्तरणीला भाषेचा पगार मिळतो. मला फुकट येते."

मास्तरीण म्हणजे तिची लेक. ती एका दूरच्या विद्यापीठात भाषा शिकवायची. खरं तर भाषा नव्हे, भाषेबद्दल शिकवायची. पण हा फरक आईला शेवटपर्यंत पटला नाही. "म्हणजे तुला स्वयंपाक येत नाही, तू चुलीबद्दल बोलतेस," असं ती म्हणायची. लेक कुठेकुठे बंदरांवर, खाणींच्या वस्त्यांत जाऊन बसायची. जिथे दोन ठिकाणची माणसं पोटासाठी एकत्र येतात आणि एकमेकांची बोली न शिकताच बोलायला लागतात, तिथे ती त्यांचं बोलणं टिपायची. आईला हे फार गमतीचं वाटायचं. "लोक बोलतात ते तू लिहून घेतेस, आणि मग त्यांनाच विचारतेस, असं बोलता का? ते मारत नाहीत तुला?"

आणि मावशी म्हणजे सख्खी मावशी नव्हे. बाइंडिंगच्या दुकानातली आईची भागीदार. दोघी नव्यानं लग्न होऊन, दोन उलट दिशांनी या गावात आल्या होत्या. एका म्हाताऱ्या बाइंडरनं दोघींना एकाच वेळी कामावर घेतलं आणि एकाच टेबलाशी समोरासमोर बसवलं. म्हातारा इतका अबोल, की सुई हवी असली तरी बोटानं दाखवायचा. त्याच्यापाशी दोघी काम शिकल्या, पण शब्द एकही शिकल्या नाहीत. पुढे तो थकला, दुकान दोघींच्या हवाली करून गेला, आणि तोवर त्या टेबलावर अखंड बडबड सुरू झाली होती. गिऱ्हाइकांशी बोलायला गावातली बाजारची भाषा होती, पण ती दोघींना भावापुरती आणि 'उद्या या' म्हणण्यापुरतीच यायची. आपसात मात्र गिरणी चालू असायची.

मास्तरीण त्या टेबलाखाली कागदाच्या कात्रणांत खेळत मोठी झाली. वरून येणारं बोलणं तिला सगळं समजायचं. मावशीशी ती मोडकंतोडकं बोलायचीही. त्यात 'टिबू' असा एक शब्द होता. खळ लावलेलं पुस्तक दाबाखाली ठेवलं की ते टिबू. आता हात लावायचा नाही, आपोआप बसेल. चिडलेलं गिऱ्हाईक टिबू. मुलीचा ताप टिबू. परीक्षेचा निकाल टिबू. दुसरा शब्द 'लाफो'. जो माणूस पुस्तक बांधायला टाकतो आणि न्यायला परत येत नाही, तो लाफो. लाफोंची पुस्तकं मागच्या फळीवर ओळीनं उभी असायची. रद्दीवाल्यानं कितीदा विचारलं, पण दोघींपैकी कुणी ती विकू दिली नाहीत.

आई गेली ती अशीच, आठवड्याच्या मधल्याच एका दिवशी, हातातलं काम अर्धं ठेवून. लेक आली, रीतसर सगळं झालं, आणि मग मावशीनंच सुचवलं की रविवारी दुकानात दोन्हीकडच्या माणसांना बोलवावं, चहा करावा, आणि चार शब्द बोलावेत. तिनं सगळं ठरवूनच टाकलं होतं. "मी तुमच्या लोकांसाठी तुमच्या भाषेत बोलीन. तू माझ्या लोकांसाठी माझ्या भाषेत बोल. तुझ्या आईला आवडेल."

मास्तरणीनं होकार दिला. चार ओळी लिहिल्या. आणि चुका नकोत म्हणून शुक्रवारी सकाळी मावशीच्या मुलाकडे गेली.

मावशीचा मुलगा गावाच्या दुसऱ्या टोकाला औषधाचं दुकान चालवायचा. मास्तरीण आणि तो लहानपणी शाळेत एका वर्गात, आणि शाळा सुटल्यावर त्याच टेबलाखाली होते, आणि तेव्हापासून बाजारच्याच भाषेत बोलत आले होते. काउंटरवर एक आजोबा खोकल्याच्या औषधाची बाटली उलटीसुलटी करून बघत होते. मास्तरणीनं घसा साफ केला आणि आपलं भाषण वाचून दाखवलं.

तो हात जोडून, मान खाली घालून ऐकत राहिला. संपल्यावर म्हणाला, "फार सुंदर. काकूंची आठवण झाली. आता आमच्या भाषेत काय म्हणणार ते सांग."

"हीच तुमची भाषा."

"ही?" तो हसला. "ही तुमची भाषा आहे, बाई."

"आमची कशी असेल? आमची मला येते ना!"

"आणि आमची मला येत नाही? अगं, माझी आई घरी सांगते, थांबा, तुम्हाला त्यांच्या भाषेत बोलून दाखवते, आणि हेच बोलते. माझी बायको तर म्हणते, सासूबाई परकी भाषा अशी बोलतात की जणू तिकडेच जन्मल्या."

"टिबू कुणाचा शब्द?"

"तुमचा."

"आमच्यात असा शब्द नाही. लाफो?"

"तोही तुमचाच. आमच्यात... नाही. नाहीच."

आजोबांनी बाटली काउंटरवर ठेवली आणि म्हणाले, "तुमचं ठरलं की मला सांगा, हे जेवणाआधी घ्यायचं का नंतर."

मास्तरणीनं काउंटरजवळचं स्टूल ओढलं. ती खाली बसली आणि मनातल्या मनात एकेक वाक्य उलगडून बघू लागली. दर तीन शब्दांतला एक आपला, एक मावशीकडचा, आणि एक कुणाचाच नाही. क्रियापदं कधी बदलतच नव्हती. 'काल ये', 'उद्या ये', कामाचा काळ फक्त आधीच्या शब्दानं कळायचा. बंदरांवर जे शोधायला ती बोटीनं, ट्रकनं, एकदा तर गाढवाच्या पाठीवरून गेली होती, ते तिच्या आईच्या टेबलावर रोज खळीसोबत शिजत होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा! पण पाळण्यापासून जे कानावर पडतं ते कुणी ऐकत नाही, नुसतं समजत जातं. मावशीची खरी भाषा तिनं कधी ऐकलीच नव्हती. ती तर मावशीच्या घरात बोलली जायची, या दुसऱ्या टोकाला.

आईला वाटत होतं की ती मावशीची भाषा बोलतेय. मावशीला वाटत होतं की ती आईची बोलतेय. दोघी आयुष्यभर एकमेकींच्या सोयीसाठी आपली भाषा सोडून बोलत होत्या.

मास्तरणीला हसू फुटलं. बऱ्याच दिवसांनी फुटलं, आणि फुटलं ते थांबेना. मावशीचा मुलगाही हसू लागला. मग तोच आधी गप्प झाला.

"रविवारी आई तुमच्या आत्याबाईंसमोर उभी राहणार आहे," तो म्हणाला.

मास्तरणीचं हसू तिथेच विरलं. आत्या म्हणजे तिच्या वडिलांची बहीण. जीभ अशी की भाजी चिरायला सुरी लागू नये. आत्याचं मावशीबद्दल जुनं मत होतं, "एवढी वर्षं आपल्यात वावरते, पण बाईला आपला एक शब्द बोलता येत नाही. उगाच तिचं तिचं आपल्याला ऐकवत बसते." आणि मावशीचं आत्याबद्दल तितकंच जुनं मत होतं, "तुझी आत्या कानानं अधू आहे. मी इतकं स्वच्छ बोलते, पण बिचारी नुसती मान हलवते."

"तू सांग तिला," तो म्हणाला. "तू भाषेची डॉक्टर."

"औषधं तर तू विकतोस."

"मी पोटाची विकतो."

दुपारी ती दुकानात गेली. मावशी आईच्या अर्ध्या राहिलेल्या पुस्तकाचे फर्मे, म्हणजे घडी घातलेल्या पानांचे जुडगे, दोऱ्यानं शिवत होती. समोरचं आईचं स्टूल रिकामं होतं. त्यावर मावशीनं काहीही ठेवलं नव्हतं. खिडकीतून ऊन येत होतं, खळीचा आंबूस वास होता, आणि कटिंग मशीनवर आईचा ॲप्रन अडकवलेला होता.

एकदम सांगून टाकणं मास्तरणीच्या जिवावर आलं. तिनं आपल्या धंद्यातली वाट धरली. आधी चार प्रश्न. आपल्या स्वच्छ भाषेतलं एक साधं वाक्य तिनं म्हटलं आणि विचारलं, "मावशी, आमच्यात हे असं म्हणतात ना?"

मावशीनं सुई थांबवली, विचार केला, आणि ठाम मान हलवली. "नाही म्हणत."

"आणि असं?" तिनं दुसरं वाक्य म्हटलं. आजीच्या तोंडचं.

"हे तर मुळीच नाही." मावशीच्या चेहऱ्यावर काळजी दिसली. "वाईट वाटून घेऊ नकोस, पण बाहेर राहून तुझी भाषा बिघडलीय. तुझी आई नीट बोलायची. तिच्याकडून शिकून घ्यायची होतीस."

मास्तरणीनं कपाळाला हात लावला, आणि पुन्हा हसू आलं म्हणून तो तोंडावर नेला.

मावशीनं दोरा ओढला. गाठ मारली. मग खालीच बघत म्हणाली, "माझी भाषाही ती किती छान बोलायची! माझ्या लग्नानंतर मला इथे कुणी नव्हतं. सासर मोठं, पण तिकडे सुनेला बोलायची सोय नाही. या टेबलाशी आले की वाटायचं, माहेरी आले. कुणीतरी माझ्यासाठी माझी भाषा शिकलंय." तिनं दोरा दातानं तोडला. "सोपं नसतं ते. तू शिकवतेस, तुला ठाऊक."

मास्तरणीनं हातात हाडाची पट्टी घेतली आणि घड्या दाबून देत बसली. सांगावं, तर आईनं मावशीला दिलेली भेट हिरावल्यासारखं होणार होतं. न सांगावं, तर रविवारी आत्या होतीच. इकडे आड, तिकडे विहीर.

रविवारी टेबल भिंतीला लावलं, शेजारच्या शिंप्याकडून खुर्च्या आणल्या. एका बाजूला आत्या आणि आईकडची मंडळी, दुसऱ्या बाजूला औषधवाला, त्याची बायको आणि मावशीचा गोतावळा. मध्ये कागदाच्या थप्प्या. दोन्हीकडचे लोक एकमेकांकडे बघून गोड हसत होते आणि बिस्किटांची बशी पुढे सरकवत होते, कारण बाजारची भाषा बहुतेकांना भावापुरतीच, आणि हे तेवढं सगळ्यांना येत होतं.

मास्तरणीनं एक बेत केला होता. मावशी बोलेल तसं आपण शेजारी उभं राहायचं आणि हळूच भाषांतर करून सांगायचं, म्हणजे कुणाच्या काही लक्षात येणार नाही. बेत चांगला होता. तो मावशीच्या दुसऱ्या वाक्याला कोसळला.

मावशीनं सुरुवात केली. मास्तरीण लगेच आत्याकडे वळून बोलू लागली. मावशी थांबली.

"तू माझंच त्यांना परत का ऐकवतेस?"

"काही नाही मावशी, आत्याला ऐकू कमी..."

"मला?" आत्या कडाडली. आपलं नाव तिला कुठल्याही भाषेत बरोबर कळायचं, आणि मास्तरणीचं बोट कानाकडे गेलेलं तिनं पाहिलं होतं. "माझे कान चांगले शाबूत आहेत. हिला सांग, बाई, आज तरी आमच्या भाषेत बोल म्हणावं! ही कुठली भाषा बोलतेय?"

आणि नेमकं त्याच वेळी, दुसऱ्या बाजूनं, आत्याला काही कळत नाहीसं बघून, मावशीच्या सुनेनं नवऱ्याला विचारलेलं सगळ्यांना ऐकू आलं. शब्द वेगळे होते, पण प्रश्न तोच होता, हे तिच्या भुवयांवरून आंधळ्यालाही कळलं असतं.

मावशीनं इकडे पाहिलं. तिकडे पाहिलं. आत्याचा चेहरा, सुनेचा चेहरा, मग आपल्या मुलाचा. तो एकदम जमिनीकडे बघू लागला. शेवटी तिनं मास्तरणीकडे पाहिलं.

आता गप्प राहणं हेही सांगण्यासारखंच होतं. मास्तरीण पुढे आली. मावशीला कळेल अशी एकच भाषा तिला येत होती, आणि त्या भाषेत 'भाषा' असा वेगळा शब्दच नव्हता, 'बोल'वरच भागायचं. टेबलावर तो कधी लागला नव्हता. ती अडखळत म्हणाली, "मावशी, हे बोल यांचं बोल नाही. तुझ्या लोकांचं बोल पण नाही. हे टेबल-बोल."

"तुझी आई माझं बोल बोल."

"नाही, मावशी."

"मी तुझं?"

"नाही. तुम्ही दोघी. फक्त दोघी."

मावशी मागे सरली आणि पुठ्ठ्यांच्या थप्पीवर बसली. सून पाणी घेऊन धावली. मावशीनं हातानं थांबवलं. मास्तरणीला वाटलं, आपण आईला दुसऱ्यांदा नेलं इथून.

मावशीनं विचारलं, "ती? तिला ठाऊक?"

"नाही. ती सगळ्यांना सांगायची, मला मावशीची भाषा येते. छाती फुगवून."

"शेवटपर्यंत?"

"शेवटपर्यंत."

मावशीचे खांदे हलले. मास्तरणीला आधी वाटलं, रडतेय. पण मावशी हसत होती. आवाज न करता, मग आवाज करून, मग पुठ्ठ्यांवर हात आपटत. मुलाकडे वळून तिनं आपल्या खऱ्या भाषेत काहीतरी म्हटलं, तसा तो आणि त्याची बायको दोघंही फुटले. त्यानं बाजारच्या भाषेत मास्तरणीला सांगितलं, "आई म्हणते, मी सुनेला जन्मभर ऐकवलं, परकी भाषा शिकायला अक्कल लागते. आता मी तोंड कुठे लपवू?"

"काय झालं? काय म्हणाली?" आत्या खुर्चीतून पुढे झुकली. मास्तरणीनं तिला सगळं सांगितलं. आत्यानं तोंडावर पदर धरला. मग म्हणाली, "म्हणजे वहिनीला पण येत नव्हती? आणि माझ्यासमोर एवढा तोरा मिरवायची?" आणि मग तीही हसली. तिच्या बाबतीत हे क्षमा मागण्याच्या जवळपासचं होतं.

मावशी उठली. साडी सारखी केली. पोरांना वर्गात उभं करावं तसं तिनं मास्तरणीला डाव्या हाताला उभं केलं, मुलाला उजव्या. "मी बोल. तू त्यांना. तू यांना." आणि राहिलेलं भाषण पुढे सुरू केलं. ती एक वाक्य बोलायची. मग एका बाजूला एक भाषा, दुसऱ्या बाजूला दुसरी. आणि दोन्हीकडून हसू यायचं, एक जरा आधी, एक जरा नंतर.

ती पहिल्या दिवसांबद्दल बोलली. एका शाळेच्या भूगोलाच्या पुस्तकांची थप्पी दोघींनी मिळून बांधली, आणि सगळ्यांना पुठ्ठे उलटे लागले. पुस्तक उघडावं तर समुद्र वर आणि डोंगर खाली. चूक कुणाची हे भांडून ठरवावं, तर भांडायला शब्द नाहीत. एकमेकींकडे बघून आधी रडायला आलं, मग हसायला. इतक्यात म्हातारा बाइंडर दारात दिसला. दोघींनी सगळी थप्पी दाबाखाली सारली, आणि तो जवळ येऊन हात लावणार, तोच तिच्या मैत्रिणीच्या तोंडून घाबरून काहीतरी निघालं: टिबू! कशाचा अर्थ कशाला नव्हता. पण म्हातारा दचकून मागे सरला. "तेव्हा कळलं," मावशी म्हणाली, "हा शब्द कामाचा आहे."

आत्या डोळे पुसत होती. हसून का कशानं, हे तिनं कुणाला विचारू दिलं नाही.

शेवटचं वाक्य मावशीनं जरा थांबून म्हटलं. त्या टेबलावर मरणाचा शब्द कधी घडला नव्हता. कागद, खळ, सुई, गिऱ्हाईक, पोरं, एवढ्यांतच सगळं भागत आलं होतं. मावशीनं असलेल्यांतलाच एक उचलला.

"ती लाफो," ती म्हणाली.

उजव्या बाजूला उभ्या मुलानं मास्तरणीकडे पाहिलं. मास्तरणीला वाक्य कळायला वेळ लागला नाही, बोलायला लागला. मागच्या फळीवर न नेलेली पुस्तकं ओळीनं उभी होती, कणे बाहेर करून, एकावरही धूळ नव्हती.

"मावशी म्हणते," ती आत्याला म्हणाली, "आई तिचं पुस्तक इथे ठेवून गेलीय. आम्ही ते जपून ठेवू."

मुलानं तेच आपल्या लोकांना सांगितलं. यावेळी दोन्हीकडे शांतता एकदमच झाली.

मग चहा झाला. बिस्किटं संपली. निघताना आत्या मावशीसमोर उभी राहिली आणि मोठ्यानं, बहिऱ्याशी बोलावं तसं, म्हणाली, "टिबू!" मावशीनं तितक्याच मोठ्यानं "टिबू!" म्हटलं. कशाबद्दल, ते दोघींनाही ठाऊक नसावं.

सगळे गेल्यावर मास्तरीण खुर्च्या रचू लागली. मावशीनं टेबल पुन्हा जागेवर ओढलं, आईचं अर्धं राहिलेलं पुस्तक काढलं आणि समोरच्या स्टुलाकडे बोट केलं. मास्तरीण घुटमळली. मग बसली.

"तुझी गाडी उद्या ना?"

"हो. पण सुट्टीत पुन्हा येईन." आणि धंद्याची खोड जाईना, म्हणून तिनं टेबलाच्या भाषेत एक लांब वाक्य जुळवून म्हटलं, की मी येते, बसते, तू बोल, मी शिकते. म्हणून झाल्यावर विचारलं, "मावशी, असं म्हणतात का?"

मावशीनं ओठ मुडपून विचार केला. मास्तरीण वाट बघत राहिली. साऱ्या जगात या प्रश्नाचं उत्तर देऊ शकणारं एकच माणूस आता उरलं होतं, आणि ते सुईत दोरा ओवत होतं.

"नाही म्हणत," मावशी म्हणाली. "परवा सांगितलं ना, तुझी भाषा बिघडलीय? धर हे टोक. आणि पुन्हा म्हण."